पन्नास वेळा वचन म्हटलं तरी छाती धडधडतेच

पत्र:

ताई, सलाम. मी 31 वर्षांची आहे, लहानपणापासून चर्चच्या मंडळीत वाढले, संडे स्कूलला मुलांना शिकवतेसुद्धा. चार महिन्यांपूर्वी रात्री झोपेतून दचकून उठले, छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरेना, वाटलं संपलं सगळं. हॉस्पिटलला नेलं, ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक आहे, गोळ्या लिहून दिल्या आणि काउन्सेलरला भेटा म्हणाले. तेव्हापासून आठवड्यात दोनतीनदा होतंच. मागच्या महिन्यात चर्चमध्ये प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) चालू असताना झालं आणि मी उठून बाहेर पळाले, त्यानंतर चर्चला गेलेच नाही. मंडळीतल्या एक मोठ्या बाई घरी येऊन म्हणाल्या, देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, तुझा विश्वास कुठंतरी कमी पडतोय, आणि गोळ्या घेतल्यास तर देवावर भरवसा नाही असंच होईल. गोळ्या ड्रॉवरमध्ये तशाच पडून आहेत, एकही घेतलेली नाही. अटॅक आला की मी बायबलमधलं फिलिप्पैकरांस 4:6 हे वचन पन्नास वेळा म्हणते, तरी त्याच्या पुढे सांगितलेली ती शांती काही येत नाही. माझा विश्वास खोटा आहे का? शांती कधी मिळणार?

उत्तर:

अगं सलाम,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वाचलं पण उत्तर लिहायला चार दिवस लागले, कारण दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दाशी अडकले ते अडकलेच. 'पन्नास वेळा'. तू मोजतेस! छाती फुटायला आलीये, बोटं बधिर झालीयेत आणि त्यातही तू हिशोब ठेवतेस की कितीदा म्हणून झालं. मला वाटतं तुझं अर्धं उत्तर तिथंच आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. विश्वास खोटा आहे का याचं माझं उत्तर 'नाही' असं आहे, तेवढं आत्ता ठेव जवळ, का ते पुढे येईलच.

पन्नास वेळा म्हणताना काय होतं बघ. तू एकदा म्हणतेस, कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, आणि लगेच आत डोकावतेस, कमी झालं का? नाही. परत म्हणतेस, परत डोकावतेस. म्हणजे पन्नास वेळा वचन आणि पन्नास वेळा तपासणी. मग ते वचन कुठलं राहतंय, ते बीपीचं मशीन होतं. आणि घाबरलेल्या शरीराची एक खोड आहे, त्याच्याकडे सारखं टक लावून पाहिलं की त्याला वाटतं ही एवढी बघतेय म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर चाललंय, आणि ते अजून जोरात ओरडायला लागतं.

मला हे ऐकून-वाचून माहीत नाहीये. मी तुझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठी असताना मलाही हे जवळजवळ वर्षभर होतं. रात्री दोन वाजता बाथरूमच्या फरशीवर बसलेली असायचे, तोंडाने स्तोत्र 91 चालू आणि दोन बोटं गळ्याच्या शिरेवर, समोर घड्याळ, सेकंदकाटा बघून ठोके मोजायचे. ओठांवर देव आणि बोटाखाली नाडी, आणि खरं सांगायचं तर सगळं लक्ष नाडीकडे. एका रात्री नवरा उठून आला, काही बोलला नाही, भिंत गार होती म्हणून माझ्या पाठीमागे टॉवेल सरकवला आणि शेजारी फरशीवर बसून राहिला. सकाळी मी त्याच्यावरच चिडले, की नुसता बसून काय राहिलास, प्रार्थना तरी करायचीस. तर म्हणे, 'करत होतो की, तुला ऐकवली नाही एवढंच.' पण त्याच्या बसण्यामुळे माझी बोटं गळ्यावरून खाली आली होती हे मला फार नंतर कळलं.

आता शरीराचं थोडं समजून घे, हे तुला त्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच पण घाबरलेलं माणूस दवाखान्यात अर्धंच ऐकतं. आपल्या आत धोक्याची घंटा आहे, अंगावर गाडी येताना जी वाजते तीच. ती वाजली की अ‍ॅड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, श्वास भराभर व्हायला लागतो, म्हणजे पळायची नाहीतर लढायची तयारी. तुझ्या बाबतीत गाडी नाहीये आणि घंटा वाजतेय, एवढाच घोळ आहे. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात ते भराभर श्वास घेतल्यामुळे, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून. श्वास पुरत नाही असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा तू जास्तच हवा घेत असतेस. आणि ही लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग उतरते, बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत. तू प्रार्थना केलीस तरी उतरते, नाही केलीस तरी उतरते. हे ऐकून तुला वाईट वाटेल कदाचित पण मला यातच देवाची दया दिसते, त्याने शरीर असं बनवलंय की ते कायम त्या टोकावर राहूच शकत नाही. म्हणजे अटॅक थांबवायची ड्युटी तुझ्या प्रार्थनेवर नाहीच मुळी. मग प्रार्थना कशाला, तर सोबतीला.

स्तोत्र 23 तुला पाठ असणारच, संडे स्कूलची टीचर तू. कधी लक्षात आलंय का, सुरुवातीला दावीद देवाविषयी बोलतो. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो, सगळं 'तो, तो'. आणि चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी आली की एकदम 'तू माझ्याबरोबर आहेस'. कुरणात असताना 'तो' आणि अंधारात शिरल्यावर 'तू'. दरी संपली असं म्हटलेलं नाही, भीती वाटण्यासारखं तिथे काही नव्हतंच असंही नाही, फक्त बोलणं बदललं, देवाबद्दल बोलणारा माणूस देवाशी बोलायला लागला. मी अटॅकच्या वेळी पूर्ण स्तोत्र म्हणायचं सोडून दिलं आणि तेवढंच ठेवलं, 'तू आहेस'. श्वास बाहेर सोडताना.

आता त्या बाईंकडे येऊ. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू, पण लिहिता लिहिता तो बराच उतरला, कारण अशी माणसं बहुतेक वेळा स्वतःच घाबरलेली असतात, आणि निदान त्या तुझ्या दारापर्यंत आल्या तरी. पण त्यांनी जे वचन तुला दिलं ते जरा पूर्ण बघू. भित्रेपणाचा आत्मा दिला नाही हे प्रेषित पौलाने आपला तरुण सोबती तीमथ्य याला दुसऱ्या पत्रात लिहिलंय, 1:7. लगेच पुढचं वचन काय, तर प्रभूविषयीच्या साक्षीची लाज धरू नकोस. म्हणजे विषय चाललाय तुरुंगात पडलेल्या पौलाचा आणि छळाचा, रात्री दोन वाजता धडधडणाऱ्या छातीचा नाही. आणि हे ज्याला लिहिलं तो तीमथ्य कसा होता? तीनच वचनं मागे पौल म्हणतो, तुझी आसवं मला आठवतात. रडणारा पोरगा होता तो. त्याच्या पोटाचीही तक्रार होती, पहिल्या पत्रात 5:23 ला पौल त्याला सांगतो की नुसतं पाणी पीत राहू नको, पोटासाठी आणि तुझ्या वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जा. बघ म्हणजे, ज्या पौलाने भित्रेपणाचं वचन लिहिलं त्यानेच त्याच तीमथ्याला औषधाचा उपाय लिहून दिलाय. तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून पोट दुखतंय असं काही तो म्हणाला नाही. आणि अजून एक, त्याच दुसऱ्या पत्राच्या शेवटी, सगळे सोडून गेलेत, पौलाला मरण समोर दिसतंय, तेव्हा तो लिहितो की फक्त लूक माझ्याजवळ आहे. लूक कोण? कलस्सैकरांच्या पत्रात पौलच सांगतो, प्रिय वैद्य लूक. म्हणजे भित्रेपणाचा आत्मा नाही हे ज्या कागदावर लिहिलं त्याच कागदाच्या शेवटी डॉक्टर शेजारी बसलेला आहे! त्या बाईंना हे सांगच असं नाही, वाद घालायला तुझ्यात आत्ता ताकद नाहीये, पण तुझ्या मनात असू दे.

तू म्हणतेस ते फिलिप्पैचं वचन मलाही फार जवळचं आहे, म्हणूनच ते मशीन झालेलं बघवत नाही. ते लिहिताना पौल बेड्यांत होता हे तू मुलांना शिकवतच असशील. पण त्यातलं 'चिंता' कुठून आलं बघ. मूळ ग्रीकमधला तोच शब्द पौलाने त्याच पत्रात आधी, 2:20 ला, तीमथ्याविषयी वापरलाय आणि तिथे तो कौतुकाचा आहे, तुमची खरी काळजी करील असा दुसरा कोणी माझ्याकडे नाही. म्हणजे काळजी करणारं मन हे मुळातच वाईट असं काही पौल म्हणत नाही, ज्या मनाने तू संडे स्कूलच्या लेकरांची काळजी करतेस तेच मन रात्री कामाला लागतं. आणि 'चिंताक्रांत होऊ नका'च्या बरोब्बर आधी काय आहे, तर 'प्रभू समीप आहे'. हे आपण नेहमी गाळतो! कार्डांवर, फॉरवर्डमध्ये सहाव्या वचनापासून सुरू होतं, त्यामुळे तो हुकूम वाटतो, गप बस, काळजी करू नको. पाचव्याच्या शेवटापासून वाचलं की आईने अंधारात म्हटल्यासारखं वाटतं, मी इथेच आहे, घाबरू नको. सातव्यात शांती 'राखील' म्हटलंय तो शब्दही पहारेकरी शिपायांचा आहे. आत कोण घाबरलंय हे पहारेकरी विचारत नाही, तो दारात उभा असतो बस. शांती तुला जाणवली तरच ती आहे असं कुठे लिहिलंय? दारातला पहारेकरी आतल्याला दिसतोच असं नाही.

हाच पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात 7:5 ला सरळ कबूल करतो, बाहेर भांडणं आणि आतून भीती. आतून भीती, पौलाला! आणि पुढे काय झालं, आकाश उघडलं का, तर नाही, देवाने तीताला, म्हणजे पौलाच्या एका सोबत्याला, पाठवून आमचं सांत्वन केलं म्हणतो. एक माणूस आला. तुझ्याकडे तो काउन्सेलर म्हणून येणार असेल तर त्याला दारातून परत कशाला पाठवतेस?

आणि गेथशेमाने, येशूला धरून नेलं त्या रात्रीची ती बाग. यावर मला खरं तर फार लिहायचं नव्हतं कारण ते लिहायचं नसतं, वाचायचं असतं, आज रात्री मार्क 14 हळू वाच. प्रभू व्याकूळ झाला, माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय असं त्याने तोंडाने सांगितलं, जमिनीवर पडला, आणि तिघांना म्हणाला इथे थांबा, जागे राहा. ज्याने वादळात नावेत उशीवर डोकं ठेवून झोप काढली होती त्याने त्या रात्री माणसांची सोबत मागितली, आणि ते झोपले ही गोष्ट वेगळी. थरथरणं म्हणजे अविश्वास असेल तर मग त्या बागेतल्या प्रभूला आपण काय म्हणायचं? मत्तय सांगतो की त्याने तेच शब्द परत म्हणत तीनदा प्रार्थना केली. तीनदा गं, पन्नास नाही. (हसलीस का थोडी? हसायला हवं.)

आता कामाचं बोलते. उद्या सकाळी त्या डॉक्टरांना फोन कर आणि सांग की गोळ्या सुरूच केल्या नव्हत्या. लाजू नको, असे पेशंट त्यांना रोज भेटतात. ड्रॉवर उघडून मनानेच सुरू करू नको, चार महिने गेलेत, तेव्हाचा डोस आता चालेल का ते त्यांना ठरवू दे. पॅनिकवर रोज घ्यायच्या ज्या गोळ्या देतात त्यातल्या बऱ्याचशा लगेच काम करत नाहीत, दोनतीन आठवडे, कधी जास्त लागतात, आणि सुरुवातीला काहींना अस्वस्थही वाटतं, तेव्हा चौथ्या दिवशी 'बघा, उपयोग नाही' म्हणून टाकून देऊ नको आणि बरं वाटलं की स्वतःहून बंदही करू नको. काउन्सेलिंगमध्ये सीबीटी म्हणून एक पद्धत आहे, पॅनिकवर ती चांगली चालते, अटॅकला घाबरायचं कसं कमी करायचं हेच ते शिकवतात. काउन्सेलर ख्रिस्ती असला तर बरं वाटेल पण नसला तरी अडून बसू नको, दाताच्या डॉक्टरला आपण कुठे बाप्तिस्म्याचा दाखला विचारतो. थायरॉइडची टेस्ट झालीये का तेही विचारून घे, कधी कधी धडधडीचं मूळ तिथे असतं. आणि आत्तासारखं नाही, काही वेगळंच वाटलं, चालताना जिना चढताना छातीत दुखलं वगैरे, तर पॅनिकच असेल म्हणून बसून न राहता दाखवायचं. मरण बरं असे विचार कधी मनात आले, एकदाही, तर त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी उठवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं, तिथे सकाळपर्यंत थांबायचं नाही.

अटॅक आला की पळू नको. जिथे आहेस तिथेच बस, पाय जमिनीला टेकव, घड्याळ आणि मोबाईल उलटा ठेव. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ दे, आत घेताना 'प्रभू', हळूहळू सोडताना 'तू आहेस'. मोजू नको. मध्येच मन म्हणेल कमी झालं का बघ, तर त्याला म्हण बघते नंतर. कमी करायसाठी हे करतच नाहीयेस तू, लाट येतेय तर येऊ दे, प्रभूचा हात धरून बसलीयेस इतकंच. पहिल्या दोनचार वेळा जमणार नाही, मलाही जमलं नव्हतं, तिसऱ्या वेळी तर मी देवाशीच भांडत बसले होते आणि तेही चाललं, स्तोत्रांत भांडण काही कमी नाहीये.

येशूचा शिष्य पेत्र म्हणतो आपली सगळी चिंता देवावर टाका. ते 'टाका' नव्या करारात मूळ भाषेत अजून एकाच ठिकाणी येतं, लूक 19 मध्ये, शिष्य शिंगरावर आपली वस्त्रं टाकतात तिथे. मला ते चित्र फार आवडतं. घडी घालून, इस्त्री करून ठेवली नाहीत त्यांनी, टाकली. तुझी चिंता नीट शब्दांत, शांत आवाजात, विश्वासाने भरलेली अशीच द्यायला हवी असं काही नाहीये, चुरगळलेलीच टाक.

झोप आणि जेवण याकडे बघ जरा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मला मरू दे म्हणत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, ऊठ, खा म्हणाला, तो खाऊन परत झोपला, तर परत उठवून परत खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर, डोंगरावर पोचल्यावर. रात्री जागरण आणि दिवसभर कॉफीवर कॉफी असं चाललं असेल तर ते आधी कमी कर, कॅफीनने धडधड वाढते.

चर्चचं राहिलं. मला वाटतं तू तिथे जायला घाबरत नाहीयेस, सगळ्यांच्या देखत परत तसं होईल याला घाबरतेयस. पण एखादी जागा टाळायला लागलं की भीतीला कळतं की बरोबर आहे आपलं, मग ती दुसरी जागा मागते, आज चर्च, उद्या लिफ्ट, परवा बाजार. म्हणून जा, पण एकदम पहिल्या बाकावर नको. या रविवारी शेवटचा बाक, दाराजवळची कडेची जागा, शेजारी घरातलं कोणीतरी, आणि फक्त पहिल्या गीतापर्यंत थांबलीस तरी झालं. पुढच्या वेळी वचनवाचनापर्यंत. प्रभुभोजनाला अजून महिना लागला तर लागू दे, ते मेज कुठे पळून जात नाही. पाळकांना आधी भेटून दोन वाक्यांत सांगून ठेव की मला हे होतं, मी उठून गेले तर काळजी करू नका. तुला वाटतंय त्यापेक्षा जास्त लोकांनी त्यांना हेच सांगितलेलं असेल. एकोणिसाव्या शतकात लंडनला स्पर्जन म्हणून मोठे उपदेशक होऊन गेले, 1856 मध्ये त्यांच्या सभेत कोणीतरी खोटंच आग लागली ओरडलं आणि चेंगराचेंगरीत सात माणसं गेली, स्पर्जन तेव्हा 22 वर्षांचे होते. ते कोसळले, पुढे आयुष्यभर त्यांना उदासीनतेचे झटके येत राहिले आणि ते हे लपवत नसत, पुलपिटवरून बोलत असत. मंडळीने त्यांना काढलं नाही. तुला संडे स्कूलमधून कोण काढतंय?

शांती कधी मिळणार हे मला सांगता येणार नाही. माझे अटॅक कमी होत गेले, मग थांबले, मध्ये एकदा दोन वर्षांनी परत आला तेव्हा रडले आणि मग ओळखीचा पाहुणा आल्यासारखं त्याला बसू दिलं. तेवढ्या काळात मला जी शांती मिळाली ती बहुतेक धडधड चालू असतानाच मिळाली, म्हणजे छाती पळतेय आणि तरी मी एकटी नाहीये हे माहीत आहे, दोन्ही एकाच वेळी.

डॉक्टरांचा फोन झाला की मला दोन ओळी टाक, आणि रविवारी कितव्या बाकावर बसलीस तेही कळव.

तुझी,
ताई